आधी कार, मग बाबागाडी: तान्ह्या बाळासाठी ट्रॅव्हल सिस्टिम कशी निवडावी

डोहाळजेवण आटोपलं की घरात बाबागाडीचा विषय निघतो. कुणी रंग पाहतं, कुणी दुधाची बाटली ठेवायची खाच पाहतं, कुणी मोबाइलवर फोटो पाहून परस्पर मागवूनही टाकतं. माझी दोन मुलं, मग भाची, जाऊबाई आणि शेजारच्या सुना धरून नागपुरातल्या आठ-नऊ घरांसाठी मी ही खरेदी केली आहे. बहुतेक वेळा सल्ला देणाऱ्यांनी उलट्या टोकाकडून सुरुवात करून दिलेली असते. म्हणून अगोदरच सांगते: ट्रॅव्हल सिस्टिम घ्यायची तर आधी आपली कार बघा, तिच्यात नीट बसणारी कार सीट ठरवा आणि त्या सीटबरोबर जी बाबागाडी येईल ती घ्या.

ट्रॅव्हल सिस्टिम म्हणजे चाकांचा सांगाडा, त्यावरची बसायची-झोपायची सीट आणि तान्ह्या बाळाची उचलून नेता येणारी कार सीट, असा संच. कार सीट कारमध्ये बसते आणि खटका दाबून सांगाड्यावरही लागते. एका कंपनीची सीट दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यावर बहुधा लागत नाही. लागलीच तर मधे वेगळे जोड घ्यावे लागतात.

गरज आहे का ते ठरवा

घरी कार नसेल आणि फिरणं स्कूटी-ऑटोवर असेल, तर ट्रॅव्हल सिस्टिम घेऊ नका. सपाट झोपवता येणारी साधी बाबागाडी पुरे. तान्ह्या बाळाला दुचाकीवर नेऊच नका. चार वर्षांखालच्या मुलांसाठी पट्टा, ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आणि नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, हा केंद्राचा २०२२ चा नियम आहे. तान्हं बाळ स्कूटीवर मांडीत घेऊन जाणं मला बघवत नाही.

मापं घ्या

डिक्की, लिफ्टचं दार, फ्लॅटचं दार. सीएनजीची टाकी असेल तर ती धरूनच डिक्की मोजा.

कार सीट कारमध्ये बसवून बघा

इथे घाई करू नका. मी इथेच चुकले होते.

माझी मुलगी सात आठवड्यांची होती. अमरावतीला माहेरी जाऊन आम्ही परत येत होतो. सीट मागच्या बाजूला होती, तोंड मागे केलेलं होतं, म्हणजे सगळं बरोबर आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. विकणाऱ्याने दुकानातल्या टेबलावर पट्टा कसा ओवायचा ते दाखवलं होतं. निघताना आजीने मायेने बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी सारली. मी शेजारीच बसले होते आणि मला डोळा लागला. कोंढाळीच्या अलीकडे जाग आली ती घरघरीच्या आवाजाने. बाळाची हनुवटी छातीला टेकली होती, मान पुढे मुडपली होती आणि श्वास अडकत होता. मी तिला उचललं, ती रडली आणि माझ्या जिवात जीव आला. पुढचा सगळा रस्ता मी तिला मांडीवर घेऊन आले. तीही चूकच होती, हे मला नंतर कळलं.

झालं असं होतं की आमच्या कारच्या मागच्या बाकाची बैठक पुढून उंच आणि पाठीकडे खोल होती. बहुतेक कारमध्ये ती अशीच असते. मागे तोंड करून ठेवलेल्या सीटमध्ये बाळाचं डोकं कारच्या पुढच्या बाजूला येतं. त्यामुळे बैठकीच्या उताराने सीटचा डोक्याकडचा भाग उचलला जातो आणि बाळ हवं त्यापेक्षा ताठ बसतं. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या पाव भागाएवढं असतं आणि मानेत बळ नसतं. ताठ बसलं की डोकं पुढे पडतं आणि श्वासाची वाट दबते. त्यात मोहरीच्या उशीने डोकं आणखी पुढे ढकललं. पाळण्यात जी काय उशी वापरायची ती वापरा, कार सीटमध्ये मात्र सीटबरोबर आलेल्या गादीखेरीज काही घालू नका.

नवजात बाळासाठी सीटचा कल साधारण ४५ अंशांचा हवा. बऱ्याच सीटच्या कडेला रेघ किंवा पाण्याच्या पातळीसारखा बुडबुडा असतो. कार सपाट जागी उभी करून तो बघा. उतारावर उभ्या केलेल्या कारमध्ये तो खोटं सांगतो. कल कमी पडत असेल तर बैठक आणि पाठ मिळतात त्या खाचेत, म्हणजे बाळाच्या पायांकडच्या टोकाखाली, टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवता येते. मात्र सीटच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच. नसेल आणि कल जमत नसेल, तर ती सीट तुमच्या कारसाठी नाही. दुसरी बघा.

आता पट्ट्याबद्दल. कार सीट दोन प्रकारे बसते. एक आयसोफिक्सने: बैठक आणि पाठीच्या खाचेत लोखंडी कड्या असतात, त्यांत सीटचा बेस, म्हणजे सीटखालची चौकट, खटकन अडकतो आणि हिरवी खूण दिसते. बऱ्याच बेसना खाली जमिनीला टेकणारा पायही असतो. तो टेकवायला विसरू नका. तुमच्या कारच्या मागच्या बाकावर आयसोफिक्सच्या कड्या असतील तर हाच प्रकार घ्या. पैसे जास्त जातात, पण चूक करायला जागा कमी राहते.

दुसरा प्रकार कारच्या पट्ट्याने. मागे तोंड असलेल्या सीटवर पट्ट्याची वाट बहुधा निळ्या खुणांनी दाखवलेली असते. कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून निळ्या खाचांतून, खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळसा घेऊन. इथे दोन अडचणी येतात आणि त्या दुकानातल्या टेबलावर कधीच दिसत नाहीत. पहिली, मागचा पट्टा लांबीला कमी पडतो. जुन्या छोट्या कारमध्ये हे मी तीनदा पाहिलं आहे. दुसरी, पट्ट्याचं बकल ज्या दांडीवर असतं ती लांब असली तर बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन वाकतं आणि पट्टा कितीही ओढला तरी ढिलाच राहतो. दोन्हींवर इलाज नाही. सीट बदलायची.

पट्टा आवळताना एका हाताने सीट बैठकीत जोरात दाबा आणि दुसऱ्या हाताने खांद्याचा पट्टा ओढत जा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून सीट डावी-उजवीकडे हलवा. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा करा. डोक्याकडचं टोक थोडं हलतं, त्याची काळजी नको.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. सीताबर्डीच्या दुकानात जा नाही तर वर्धा रोडच्या, कार घेऊन जा. विकणाऱ्याला सांगा, "भाऊ, आधी माझ्या कारमध्ये लावून दाखवा, मग पैशाचं बोलू." जो पार्किंगपर्यंत यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत बघा आणि खोकं आलं त्याच दिवशी कारमध्ये लावून बघा. खोकं बाळंतपणापर्यंत माळ्यावर ठेवलं तर ती मुदत निघून जाते.

पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, मागे तोंड असलेली सीट कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. जागा मागच्या बाकावरच. मागच्या मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे ही सीट बसत नाही. मग डाव्या बाजूची, फुटपाथकडची जागा घ्या.

"मी घट्ट धरते की मांडीवर," असं आजी हमखास म्हणतात. त्यांना दुखवू नका, हिशोब सांगा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी कार एक दशांश सेकंदात थांबली, तर ६ किलोच्या बाळाचा झटका हातांना ८० किलोंच्या वर बसतो. समृद्धी महामार्गावर तर कारची मर्यादा १२० ची आहे. कुणाच्याही हातांत ते बळ नसतं. कायद्यातही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर १,००० रुपये दंड आहे. दंड मला गौण वाटतो, पण घरातल्या पुरुषांना तो लवकर समजतो.

सीटवर प्रमाणपत्राची खूण बघूनच घ्या. भारतीय मानक एआयएस-०७२. युरोपीय सीटवर गोलात 'ई' अक्षर आणि आर-४४ किंवा त्यापुढचं आर-१२९ हा नियमाचा क्रमांक असतो. आर-१२९ मध्ये १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. घरात "पाय अवघडतात बिचारीचे" असं सुरू झालं तरी सीट वळवू नका. समोरून धक्का बसला की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं एकत्र सीटवर टेकतात आणि मान एकटी ताणली जात नाही.

नात्यातून आलेला पाळणा, झबली, बाबागाडीसुद्धा आनंदाने घ्या. कार सीट मात्र, तिला अपघात झालेला नाही हे पक्कं ठाऊक असेल तरच. शिवाय नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं कारमध्ये तापलेलं प्लास्टिक मी वापरणार नाही. बनवल्याची तारीख कवचाच्या खालच्या बाजूला कोरलेली असते, ती बघा.

बाळाला बसवायला शिका

दवाखान्यातून घरी येताना बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असतं. तसं ते कार सीटमध्ये बसवता येत नाही, कारण मधला पट्टा दोन पायांमधून जायला हवा. पाय मोकळे राहतील असं झबलं आणि पातळ लंगोट घाला, पट्टे लावा आणि दुपटं वरून पांघरा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही हेच: जाड स्वेटर आणि कुंची पट्ट्याखाली नको. लोकर दबते आणि पट्टा ढिला राहतो. पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघालेले हवेत. लावल्यावर खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट धरून बघा. चिमटीत कापड आलं तर अजून आवळा.

पहिल्या काही आठवड्यांत एका वेळी अर्धा तास पुरे. पुढेही दोन तासांच्या वर सलग नको. लांबच्या प्रवासात थांबायच्या जागा आधीच ठरवा आणि थांबलं की बाळाला बाहेर काढून आडवं करा. आणि इथेच ट्रॅव्हल सिस्टिमची भूल पडते. झोपलेलं बाळ सीटसकट उचलून सांगाड्यावर लावता येतं म्हणून लोक लग्नाच्या हॉलमध्ये चार-चार तास त्याला तसंच ठेवतात. कारमधून उतरलात की बाळाला सपाट जागी हलवा, झोपमोड झाली तरी.

आता बाबागाडी

कार सीट ठरली की हे सोपं आहे. सहा महिन्यांपर्यंत, बाळ आपलं आपण बसू लागेपर्यंत, पाठ पूर्ण सपाट होणारीच हवी. पाच पट्ट्यांचा बेल्ट हवा. चाकं मोठी हवीत, कारण आपल्या फुटपाथवरच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये छोटी चाकं अडकतात. हवेचे टायर घेऊ नका. सेमिनरी हिल्सच्या बाजूला फिरायला नेलंत की बाभळीचा काटा ठरलेला. भरीव फोमची चाकं बरी. जुन्या अपार्टमेंटला लिफ्ट नसेल तर वजन हातात उचलून बघा. पूर्ण संच १२-१५ किलोंपर्यंत सहज जातो आणि सिझेरियन झालेल्या बाईने तो तिसऱ्या मजल्यावर नेऊ नये. एका हाताने मिटते का ते विकणाऱ्याला करू देऊ नका, स्वतः करून बघा. मेट्रोला नेलीत तर लिफ्टनेच वर जा, सरकत्या जिन्यावर नको. इतवारी आणि बर्डीच्या गर्दीत बाबागाडी नेऊच नका.

उन्हाळा

एप्रिल ते जून सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच बाहेर काढा. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा मलमल टाकायची सवय मोडा. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. टप असलेली, बाजूने जाळी असलेली गाडी घ्या. कारमध्ये बाळाला बसवण्याआधी बकलच्या लोखंडाला आपल्या मनगटाची आतली बाजू लावून बघा. मे महिन्यात दुपारी ते चटका देतं. कार उभी करताना सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा. बाळाला बंद कारमध्ये एक मिनिटही ठेवायचं नाही, दळण आणायचं असलं तरीही.

नववा महिना लागण्याआधी सराव करा

सीट कारमध्ये लावणं-काढणं बाळाच्या बाबांना, आजोबांना आणि कार चालवणाऱ्या प्रत्येकाला किमान पाच वेळा करायला लावा. बाळाऐवजी तीन किलो तांदूळ उशीच्या खोळीत बांधून पट्ट्यात बसवा आणि घराभोवती एक चक्कर मारून या. परत आल्यावर सीट हलवून बघा. ढिली झाली असेल तर पट्टा कुठे चुकला ते तेव्हाच सापडतं. पुस्तिका सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवा. आईकडे, सासरी किंवा भाड्याच्या कारमध्ये सीट लावायची वेळ येते तेव्हा ती हाताशी लागते.