विवेचक कसा काढावा आणि त्यातून काय काय वाचावे

वर्गसमीकरण दिसले की बहुतेक जण थेट सूत्रात किमती घालतात. त्याआधी सहगुणकांपासून मिळणारी ‘विवेचक’ ही संख्या काढली, तर मुळे वास्तव आहेत का, समान आहेत का आणि अवयव सहज पडतील का, हे उकल न काढताच कळते. सहगुणक पूर्णांक असतील, तर कोणत्या मूळ संख्येने समीकरणाच्या डाव्या बाजूच्या राशीला भाग जाऊ शकतो हेही त्यातून समजते. शाळेत सहसा न शिकवला जाणारा हा भाग सर्वांत सुंदर आहे.

पायरी १: सामान्य रूप

सगळी पदे एका बाजूला आणून समीकरण अ·क्ष² + ब·क्ष + क = ० असे लिहा. ३क्ष² = ५ − २क्ष दिले असेल तर ३क्ष² + २क्ष − ५ = ०. म्हणजे अ = ३, ब = २, क = −५. अपूर्णांक असतील तर छेद काढून टाका, सर्व सहगुणकांत सामाईक अवयव असेल तर त्याने भागा. समीकरणाला एखाद्या संख्येने गुणले की विवेचक त्या संख्येच्या वर्गपट होतो. त्याचे चिन्ह बदलत नाही, पण किंमत बदलते.

पायरी २: विवेचक = ब² − ४·अ·क

वरच्या उदाहरणात ४ − ४·३·(−५) = ४ + ६० = ६४.

४·अ·क मधला हा ४ येतो कुठून? समीकरणाला ४अ ने गुणा आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवा. डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो: (२अ·क्ष + ब)² = ब² − ४अक. ही रीत श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. ती एकदा हाताने करून पाहिली की सूत्र पाठ करावे लागत नाही.

चुका होतात त्या चिन्हांच्या. ब = −५ असेल तर ब² = २५; कॅल्क्युलेटरवर कंस न घालता −५² दाबले की पुष्कळदा −२५ येते. अ आणि क यांची चिन्हे विरुद्ध असतील तर विवेचक धनच यायला हवा. तो ऋण आला तर तिथेच थांबून चिन्हे तपासा.

पूर्णांक सहगुणकांसाठी आणखी एक तपासणी आहे. विवेचकाला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ च उरते, कारण ४अक ला ४ ने भाग जातो आणि कोणत्याही वर्गाची बाकी ० किंवा १ असते. घाईत ६४ ऐवजी ६२ लिहिले असेल, तर बाकी २ येऊन चूक पकडली जाते. ४अक चे चिन्ह चुकले असेल तर मात्र ही तपासणी कामाची नाही.

पायरी ३: अर्थ लावणे

विवेचक धन असेल तर मुळे वास्तव व असमान, शून्य असेल तर वास्तव व समान. ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत. धन आणि पूर्ण वर्ग असेल तर मुळे परिमेय: ६४ = ८², म्हणून मुळे (−२ ± ८)/६, म्हणजे १ आणि −५/३. ही शेवटची कसोटी सहगुणक परिमेय असतानाच लावा. क्ष² − २√२·क्ष + १ चा विवेचक ४ आहे, तरी मुळे √२ ± १.

क्ष³ + प·क्ष + फ या त्रिघाती राशीचा विवेचक −४प³ − २७फ². तो धन असेल तर तीन वेगळी वास्तव मुळे, ऋण असेल तर एकच वास्तव मूळ. क्ष³ − ७क्ष + ६ साठी १३७२ − ९७२ = ४००; मुळे १, २ आणि −३.

पायरी ४: मूळ संख्यांची चाळणी

नियम असा: विषम मूळ संख्येने अ ला भाग जात नसेल, तर क्ष च्या एखाद्या पूर्णांक किमतीला राशीला त्या संख्येने भाग जातो तो केवळ तेव्हाच, जेव्हा विवेचकाची बाकी एखाद्या वर्गाच्या बाकीइतकी असते.

क्ष² + क्ष + ४१ घ्या. विवेचक १ − १६४ = −१६३. ३ ने भागल्यास वर्गांच्या बाक्या ०, १. −१६३ ची बाकी २. ५ साठी वर्गांच्या बाक्या ०, १, ४, इथेही २. ७ साठी ०, १, २, ४, इथे ५. असे ३७ पर्यंत एकही विषम मूळ संख्या बसत नाही. २ चा प्रश्नच नाही, कारण क्ष(क्ष + १) सम असते आणि त्यात ४१ मिळवले की विषम. ऋण संख्येची बाकी काढताना आधी भाजकाची पुरेशी मोठी पट मिळवा: −१६३ + १६८ = ५.

क्ष = ० ते ३९ पर्यंत राशीची किंमत जास्तीत जास्त १६०१, म्हणजे ४१² = १६८१ पेक्षा कमी. अशी किंमत संयुक्त असती तर तिला ४१ पेक्षा लहान मूळ अवयव असता. तो नाही, म्हणून चाळीसही किमती मूळ संख्या. ऑयलरने १७७२ मध्ये याच्याच क्ष² − क्ष + ४१ या रूपाकडे लक्ष वेधले होते. क्ष = ४० ला मात्र नेमके १६८१ येते.

सरावासाठी क्ष² + क्ष + १७ घ्या. विवेचक −६७, ३, ५, ७, ११ आणि १३ ने बाक्या काढा आणि ० ते १५ पर्यंतच्या किमती पडताळा.