स्टर्नड्राइव्हचा एक्झॉस्ट: धुराआधी पाणी तपासा

एक्झॉस्टची तक्रार घेऊन येणारा मालक आधी धुराचा रंग सांगतो. मी आधी विचारतो, शेवटचा इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, कधी बदललात? स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा मागे बाहेर लटकणाऱ्या पायावर, म्हणजे लेगवर; धूर आणि समुद्राचं पाणी एकाच पाइपातून बाहेर पडतात. पाणी कमी आलं की रबर जळतं, आणि भलत्या जागी गेलं की इंजिन जातं. गेटवे आणि मांडव्याच्या मधे चालणाऱ्या पेट्रोल बोटींवर मी जी कामं करतो, त्यातली बहुतेक या दोनांपैकीच एक असतात.

वाट अशी: सिलिंडरच्या कडेला धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड, त्यावर रायझर किंवा एल्बो, म्हणजे वर जाऊन वळणारा तुकडा. एल्बोत पाणी धुरात मिसळतं. मग जाड रबरी होज, वाय पाइप, ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या भिंतीतून) लेगमध्ये आणि शेवटी पंख्याच्या मधून बाहेर. व्ही-सिक्स, व्ही-एटला दोन्ही बाजूंना एकेक मॅनिफोल्ड असतो, आणि हीच आपली सोय. एक बाजू दुसरीशी ताडून बघता येते.

उष्णता मोजायची बंदूक घ्या, हल्ली स्वस्तात मिळते. बोट पाण्यात असताना इंजिन गरम होऊ द्या, थोडं लोडवर पळवा आणि दोन्ही एल्बोंवर त्याच त्या जागी मोजा. आपल्याकडे खाडीचं पाणीच कोमट, तरी पाणी नीट फिरत असेल तर एल्बो साठ-पासष्ट अंशांच्या आत राहतो. ऐंशीच्या वर गेला की मी इंजिन बंद करतो. दोन्ही गरम, तर पाणी मुळातच कमी येतंय. एकच गरम, तर त्याच बाजूचा होज किंवा एल्बोच्या आतली वाट गंजाने बुजलीय. डॅशवरच्या काट्यावर विसंबू नका. तो ब्लॉकचं तापमान दाखवतो. एल्बो भाजत असताना तो बिनधास्त नॉर्मलवर उभा असतो.

दोन्ही गरम असतील तर लेगच्या पाणी ओढायच्या जाळीपासून सुरू करा. मुंबईच्या बाजूला पहिला गुन्हेगार प्लास्टिकची पिशवी. उधाणाच्या दिवसांत गाळही भरपूर. मग इम्पेलर: मर्क्रूझर बनावटीच्या अल्फा ड्राइव्हला तो खाली लेगमध्ये असतो, ब्राव्होला इंजिनवरच्या पंपात. पात तुटलेली दिसली तर नवा इम्पेलर बसवून मोकळे होऊ नका, तुटलेला तुकडा शोधा. बहुतेकदा तो पॉवर स्टिअरिंगच्या कूलरच्या तोंडाशी अडकलेला सापडतो. होज काढा, हाताचं बोट घालून चाचपा, चिमट्याने ओढा. तिथेच शेवाळ आणि पिशवीच्या चिंध्याही मिळतात.

आता दुसरा आजार, ज्याने खिसा रिकामा होतो. बोट संध्याकाळी ठणठणीत येते, मूरिंगवर दोन दिवस उभी राहते, मग सेल्फ मारला की 'ठक' आवाज येऊन सगळं थांबतं. बॅटरी वीक आहे असं समजून लोक परत परत सेल्फ मारतात. ते करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, रॉड वाकतो. सगळे प्लग काढा, इग्निशन तोडा, प्लगच्या भोकांवर फडकी टाका आणि मगच सेल्फ फिरवा. पिचकारी कुठून उडाली ते लक्षात ठेवा. प्लगही तेच सांगतात: ज्याच्या टोकावर तांबूस गंज आहे, ती बाजू आजारी. ऑइल दुधाळ असेल तर बदला, आणि इंजिन त्याच दिवशी चालू करून गरम करा. खारं पाणी सिलिंडरला रात्रभराचीही सवलत देत नाही.

मग त्या बाजूचा रायझर उतरवा आणि पॅकिंगची जागा उजेडात बघा. धुराच्या भोकात सुकी काळी काजळी हवी. पाण्याच्या भोकापासून धुराच्या भोकाकडे नारिंगी ओघळ गेलेला दिसला की चोर सापडला. ब्लेडने खपली काढा, सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. खड्डे पडलेल्या फेसवर नवं पॅकिंग म्हणजे पुढच्या हंगामात तेच काम परत. सिलिकॉन चोपडून काम भागतं असं सांगणारेही भेटतील. मी पॅकिंग कोरडंच बसवतो, टॉर्क पाना मॅन्युअलप्रमाणे, आणि पहिल्या गरम-थंडनंतर बोल्ट पुन्हा तपासतो. खाऱ्या पाण्यात बिडाचे मॅनिफोल्ड पाच-सहा वर्षं चालले की आपण फायद्यात. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम.

जोड स्वच्छ आहे, तरी दोन्ही बाजूंचे प्लग ओले? मग पाणी मागून आलंय. एक्झॉस्टमधल्या रबरी झडपा बघा. एल्बो एकदा तापला की त्या जळून गळतात. मग भरलेली बोट वेगात असताना थ्रॉटल झटकन खाली ओढला की मागची लाट सरळ आत शिरते. जळक्या झडपेचे तुकडे खाली वाय पाइपात अडकून धूर कोंडतात, तेही काढा.

नुसता रिकाम्या चालीचा आवाज वाढला असेल तर बहुधा एक्झॉस्टचा बेलो (लेगकडे जाणारी घडीदार रबरी नळी) निसटलाय. त्याने बोट बुडत नाही. पण त्याच्याच वरचा, इंजिनची ताकद लेगला नेणाऱ्या यू-जॉइंटचा बेलो फाटला तर पाणी बोटीत येतं. म्हणून लेग उतरवलाच आहे तर दोन्ही बदला आणि कालवं-शिंपल्या खरवडून टाका.

इंजिनच्या खोलीत होजच्या जोडाभोवती काळी काजळी दिसली तर क्लॅम्प आवळून लगेच निघू नका. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळे म्हणतात पाहुण्यांना बोट लागली. पुढची ताडपत्री बंद आणि मागची उघडी ठेवून पळालात तर धूर उलटा बोटीतच ओढला जातो. इंजिन चालू असताना मागच्या पाटावर कोणी बसायचं नाही, पाय सोडून पोरं तर नाहीच.

पावसाळ्यात बोट वर घ्याल तेव्हा आधी लेगच्या जाळीवर कानपट्टे (होज जोडायच्या रबरी वाट्या) लावून गोडं पाणी सोडा, मग इंजिन चालू करा, थ्रॉटल न वाढवता. बंद केल्यावर मॅनिफोल्डच्या तळाचे ड्रेन प्लग काढा. काही आलं नाही म्हणजे आत पाणी नाही असं नव्हे. गंजाची खपली भोकावर बसते, तार घालून टोचा. पातळ तपकिरी पाणी आलं तर आणखी एक हंगाम काढता येईल. काळे जाड पापुद्रे पडायला लागले तर जूनमध्येच मॅनिफोल्ड मागवा. सप्टेंबरमध्ये सगळ्यांनाच ते हवे असतात.