दिवस त्यांचा स्वतःचा राहावा म्हणून: वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी

वृद्ध व्यक्तीची काळजी घेण्याची जबाबदारी आली की आपण प्रथम औषधे, आहार आणि झोप यांची व्यवस्था लावतो, आणि ती लावलीच पाहिजे. मात्र ही व्यवस्था चोख असूनही ती व्यक्ती दिवसभर गप्प बसून राहते आणि काहीही विचारले तरी ‘मला काही नको’ एवढेच उत्तर देते, असा अनुभव कित्येक घरांत आणि वृद्धाश्रमांत येतो. अशा वेळी मन रमवण्यासाठी काहीतरी साधन आणून देण्याकडे आपला कल असतो. माझ्या मते येथे क्रम चुकतो. विरंगुळ्याच्या आधी माणसाला स्वतःच्या दिवसावरचा अधिकार लागतो आणि आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी पडतो याची खात्री लागते. या दोन गोष्टी मिळाल्या की विरंगुळा तो बहुधा स्वतःच शोधून काढतो. पुढील सर्व सूचना याच विचारावर आधारलेल्या आहेत.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगण्यात आले की खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा आणि कोणाला भेटायचे हे त्यांनीच ठरवायचे आहे. त्यांना एक छोटे रोप स्वतः निवडू दिले आणि त्याची निगाही त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनाही रोप मिळाले, परंतु त्याला पाणी घालण्याचे काम परिचारिका करतील असे त्यांना सांगितले गेले. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक मिळून-मिसळून वागणारी आढळली. प्रयोग लहान होता आणि त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे खरे. तरीही दोन्हीकडे रोप होते आणि फरक निर्णय व जबाबदारी कोणाची मानली गेली यात होता, ही बाब काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

निवड कशी द्यावी

सुरुवात काही दिवस केवळ निरीक्षणाने करावी. दिवसाच्या कोणत्या वेळी त्या व्यक्तीला हुशारी वाटते, कधी थकवा येतो, कोणाच्या येण्याने चेहरा खुलतो आणि कशामुळे चिडचिड होते, याची थोडक्यात नोंद ठेवावी. पूर्वीच्या सवयीही विचारून घ्याव्यात. जन्मभर पहाटे उठून काम करणाऱ्या माणसाला उशिरापर्यंत झोपून राहायला लावणे, किंवा ज्याला एकांत नेहमीच प्रिय होता त्याला सामूहिक खेळांत ओढणे, हे कितीही मायेने केले तरी त्याच्यावर लादणेच ठरते.

निवड द्यायची ती खरी द्यावी. ‘तुम्हाला काय आवडेल?’ हा प्रश्न फार मोकळा असतो आणि थकलेल्या माणसाला तो ओझ्यासारखा वाटतो. त्याऐवजी दोन शक्य पर्याय पुढे ठेवावेत. अंघोळ आता की तासाभराने, फिरायला आधी की वाचून झाल्यावर, हा सदरा की तो, अशा साध्या प्रश्नांना उत्तर देणे सोपे जाते. स्मरणशक्ती क्षीण झाली असेल तर शब्दांवर अवलंबून न राहता दोन्ही वस्तू समोर धराव्यात. एकदा उत्तर मिळाले की ते पाळावे, कारण विचारून मग आपल्याच सोयीचे करणे हे न विचारण्यापेक्षा अधिक दुखावते. ‘नको’ या उत्तरालाही मान असावा. औषध किंवा पथ्य यांसारख्या बाबतीत नकार मिळाला, तर दटावण्याआधी त्याचे कारण विचारावे. पुष्कळदा गोळी गिळताना त्रास होतो किंवा त्या औषधाने पोट बिघडते, आणि हे डॉक्टरांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

बोलण्याच्या पद्धतीतूनही अधिकार दिला जातो किंवा काढून घेतला जातो. लहान मुलांशी बोलावे तसे लाडिक, चढ्या सुरात वृद्धांशी बोलू नये. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत अशा बोलण्याने सहकार्य मिळण्याऐवजी विरोध वाढतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. ते खोलीत बसलेले असताना त्यांच्याविषयी तिसऱ्याशीच बोलणे हाही तसाच अवमान आहे.

आधी कान आणि डोळे

एखाद्या उपक्रमात वृद्ध व्यक्ती रस घेत नाही असे वाटले, तर प्रथम तिला नीट ऐकू येते का आणि दिसते का, हे पाहावे. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उच्च पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. स्वरांचा आवाज कानावर पडतो, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात. म्हणून ‘ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत’ अशी तक्रार असते. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत, आणि वर आपण रागावलो आहोत असा समज होतो. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, किंचित सावकाश बोलावे. बोलण्यापूर्वी टीव्ही बंद करावा. वाक्य समजले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. कानात मळ साठला आहे का, हे वैद्यकीय व्यक्तीकडून तपासून घ्यावे. श्रवणयंत्र घेतले असेल तर त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, ही कल्पना आधीच द्यावी. सुरुवातीला शांत खोलीत थोडा वेळ, मग दोन माणसांच्या गप्पांत आणि शेवटी गर्दीत, अशा क्रमाने गेले म्हणजे यंत्र कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी होते.

डोळ्यांचेही तसेच. वयानुसार बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते, त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. वाचनाच्या जागी चांगला दिवा असावा. मात्र तो डोळ्यांवर न येता कागदावर पडावा, कारण या वयात झगमगाटाचाही अधिक त्रास होतो. पायरीची कड आणि दिव्याचे बटण यांचा रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा ठळकपणे वेगळा ठेवावा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता किंवा सुधारता येण्याजोगे धोके नोंदवले, त्यांत श्रवणदोष आणि उपचार न झालेला दृष्टिदोष हे दोन्ही आहेत. शारीरिक निष्क्रियता, नैराश्य आणि सामाजिक एकटेपणाही त्याच यादीत आहेत. चष्म्याचा क्रमांक तपासण्यासारखी साधी वाटणारी गोष्ट म्हणूनच पुढे ढकलू नये.

उपयोगी पडण्याची संधी

माझ्या दृष्टीने हा या विषयाचा गाभा आहे. आपण प्रेमापोटी वृद्धांच्या हातातली सर्व कामे काढून घेतो आणि नंतर त्यांना वेळ जात नाही म्हणून खंत करतो. काम काढून घेण्यापूर्वी त्यातील नेमका कोणता भाग त्यांना झेपत नाही हे पाहावे आणि तेवढाच भाग आपण उचलावा. कपडे वाळत घालताना हात वर जात नसतील, पण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या बसून घालता येतात. हिशोबाचे आकडे लिहिणे जड जात असेल, पण लिहिलेले तपासता येते. बागकाम आवडत असेल आणि वाकणे जमत नसेल, तर कुंड्या टेबलाच्या उंचीवर आणाव्यात.

काम निवडताना त्या व्यक्तीचे पूर्वायुष्य समोर ठेवावे. शिवणकाम केलेल्या हातांना बटणे लावण्याचे काम परके वाटत नाही. शिक्षक राहिलेल्या व्यक्तीला एखाद्या मुलाचा अभ्यास घेण्यात जो आनंद मिळतो, तो कोडी सोडवण्यात मिळेलच असे नाही. कामाची गरज खरी असावी. मुद्दाम विस्कटून ठेवलेल्या वस्तू पुन्हा लावायला सांगणे हे वृद्धांच्या लगेच लक्षात येते आणि त्याचा अपमान त्यांना जाणवतो. काम सावकाश झाले किंवा आपल्या पद्धतीने झाले नाही, तर ते त्यांच्यादेखत पुन्हा करू नये. घड्या वाकड्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीलाही हे लागू आहे. कॅमेरॉन कॅम्प या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठीच्या माँटेसरी पद्धतीची तत्त्वे स्मृतिभ्रंश असलेल्या प्रौढांसाठी वापरली. काम लहान टप्प्यांत विभागणे, सांगण्यापेक्षा करून दाखवणे, हाताळता येतील अशा खऱ्या वस्तू देणे, ही त्यांतली काही तत्त्वे. अलीकडच्या घटना विसरणारा माणूसही हातांना सवयीने येणारी कामे पुष्कळदा करू शकतो, कारण त्या स्मृतीची यंत्रणा वेगळी असते आणि ती तुलनेने उशिरापर्यंत टिकते.

हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत आणि तोल सांभाळण्याची क्षमता वाढवणाऱ्या हालचाली किमान तीन दिवस कराव्यात. या तिन्हींपैकी चालण्याकडेच सर्वांचे लक्ष जाते. ताकद आणि तोल मागे पडतात, आणि पडण्याचा धोका कमी करण्यासाठी नेमके तेच हवे असतात. आठवड्याचे उद्दिष्ट एकदम गाठायचे नाही. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही हितकारक असते.

घरी करता येण्याजोगा सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे. खुर्ची भक्कम, बिनचाकांची आणि भिंतीला टेकवलेली असावी. प्रारंभी हातांचा आधार घ्यावा आणि जमू लागल्यावर तो हळूहळू कमी करावा. तोलासाठी भक्कम ओट्याला धरून एका पायावर काही क्षण उभे राहावे आणि त्या वेळी कोणीतरी जवळ थांबावे. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो, त्यामुळे पाय अधिक दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘उठू नका, पडाल’ असे सतत बजावण्यापेक्षा न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी बसवणे, सैल पायपुसणी काढणे, रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर मंद दिवा ठेवणे आणि अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहण्याची सवय लावणे अधिक हिताचे आहे. सकाळचा उजेड अंगावर घेत थोडे बाहेर चालल्याने झोपेची लय सांभाळायलाही मदत होते. तहानेची जाणीव वयाबरोबर मंदावते, तेव्हा पाणी हाताशी आणि दिसेल असे ठेवावे.

आठवणी आणि सोबत

जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणे हे मन कमकुवत झाल्याचे लक्षण आहे, असा समज एकेकाळी वैद्यकातही होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 साली मांडले की उतारवयात आयुष्याकडे मागे वळून पाहणे ही स्वाभाविक प्रक्रिया आहे आणि त्यातून माणूस आपल्या आयुष्याची संगती लावत असतो. तेव्हा आठवणींना वाव द्यावा, पण त्यांची परीक्षा घेऊ नये. ‘हा कोण, ओळखा पाहू?’ असे विचारले आणि उत्तर आले नाही की संकोच उरतो; त्याऐवजी छायाचित्र पुढे ठेवून ‘हे माझे काका, यांच्याविषयी काही सांगा ना’ असे म्हणावे. दहा ते तीस या वयातल्या आठवणी बहुतेकांना अधिक ठळकपणे आठवतात, त्यामुळे पहिली नोकरी, तरुणपणीचे मित्र, शिकलेले पहिले कसब असे विषय काढावेत. एखादी आठवण दुःखाची निघाली तर विषय घाईने बदलू नये, शांतपणे ऐकावे. त्यांची परवानगी घेऊन हे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवता आले तर फारच चांगले.

सोबतीच्या बाबतीत संख्येपेक्षा नेम महत्त्वाचा आहे. एकटे राहणे आणि एकाकी वाटणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो. अधूनमधून येणाऱ्या मोठ्या गोतावळ्यापेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणारा एक फोन अधिक आधार देतो, कारण त्याची वाट पाहता येते. समवयस्क मित्र शक्य तितके टिकवून ठेवायला मदत करावी. व्हिडिओ कॉल शिकवायचा असेल तर मोबाइल त्यांच्याच हातात द्यावा, एका वेळी एकच कृती शिकवावी आणि पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्याव्यात.

वय नव्हे, आजार

काही बदलांना ‘वय झाले’ म्हणून सोडून देता कामा नये. नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नाही. उतारवयात ते अनेकदा दुःखाच्या शब्दांत व्यक्त होत नाही. अंगदुखी, भूक मंदावणे, झोपमोड, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे अशा रूपांत दिसते. ते दोन आठवडे टिकून राहिले तर उपचार घ्यावेत, कारण त्यांचा उपयोग होतो. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले गेले तर मात्र थांबू नये. एकाएकी, काही तासांत किंवा दिवसांत गोंधळल्यासारखे वागणे, असंबद्ध बोलणे किंवा फार सुस्त होणे ही तातडीची बाब आहे. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा औषधांचा परिणाम असू शकतो आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना सुरू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी. दुकानातून परस्पर आणलेली औषधेही तिच्यात असावीत. केलेल्या नोंदी बरोबर ठेवाव्यात आणि काय विचारायचे ते आदल्या दिवशी त्या व्यक्तीबरोबर बसून ठरवावे. तपासणीच्या खोलीत प्रश्न आपल्याला विचारला गेला, तरी तो तिच्याकडे वळवावा, उत्तराला लागेल तेवढा वेळ जाऊ द्यावा आणि तिचे सांगून झाल्यावरच राहिलेली माहिती आपण द्यावी.