रेकॉर्ड प्लेअरचं कार्ट्रिज निवडावं कसं, बसवावं कसं

महागडं कार्ट्रिज (आर्मच्या टोकाला बसणारा, सुई धरणारा भाग) आणून ते अंदाजपंचे बसवण्यापेक्षा साधंच कार्ट्रिज मोजूनमापून बसवलेलं कधीही बरं. सुई मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी रेकॉर्डच्या बाजूच्या शेवटी आवाज फाटतो, आणि दोष जातो बिचाऱ्या रेकॉर्डवर. तास-दीड तास मोकळा काढा, डोक्यावरचा पंखा बंद करा (तोल साधताना टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, वाऱ्यानेसुद्धा हलतो) आणि कामाला लागा.

आधी कपाट उघडा

कार्ट्रिज कोणतं घ्यायचं हे घरातल्या रेकॉर्डवर ठरतं. फक्त एलपी आणि ४५ च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) छोट्या रेकॉर्ड असतील तर निवड सोपी. पण मराठी घरात जुन्या नाट्यपदांच्या ७८ च्या, लाखेच्या रेकॉर्डही निघतात, आणि त्यांना वेगळी सुई लागते. एलपीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. ७८ च्या सुईची ६५ ते ७६. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. ७८ ची सुई एलपीवर तर चुकूनही ठेवू नका. शिवाय तुमचा प्लेअर ७८ च्या वेगाने फिरतो का, तेही बघून घ्या. आजचे बरेच फिरत नाहीत.

जुन्या फिएस्टासारख्या पोर्टेबल प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज ही वेगळीच जात. त्या जड आर्मवर आधुनिक कार्ट्रिज चढवण्याच्या भानगडीत पडू नका, त्याला सिरॅमिकच शोधा.

बाकी सगळ्यांपुढे प्रश्न एकच: मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलतं) की मूव्हिंग कॉइल (तारेचं वेटोळं हलतं)? मूव्हिंग मॅग्नेट ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं, कोणत्याही साध्या फोनो स्टेजवर, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटवर (४७ किलोओहम), चालतं आणि सुई झिजली की ओढून नवी लावता येते. मूव्हिंग कॉइल बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास. त्याला जास्त ताकदीचा फोनो स्टेज हवा, आणि सुई झिजली की अख्खं कार्ट्रिजच बदलायला किंवा दुरुस्तीला जातं. पहिलं कार्ट्रिज घेणाऱ्याने मूव्हिंग मॅग्नेटच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई किंवा ऑर्टोफोनचं टूएम रेड, दोन्ही चांगली. व्हीएम९५ चा आणखी एक फायदा असा, की एकाच बॉडीवर या मालिकेतली कोणतीही सुई बसते, अगदी ७८ ची सुद्धा.

लागणारं साहित्य

बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, टॉर्च, लहान पाणसळ, सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते मोजणारा डिजिटल काटा आणि प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा, ठिपके-रेषांचा तक्ता). प्रोट्रॅक्टर कागदावर छापलेला चालतो, पण प्रिंट काढताना प्रिंटर आकार कमी-जास्त करतो. म्हणून त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीशी ताडून पाहा. काटाही लोखंडी नको, कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो.

बसवणं

पाणसळ ठेवून प्लेअर सपाट करा. अॅम्प्लिफायर बंद. सुईवरचं टोपण वजन लावायच्या वेळेपर्यंत काढायचं नाही.

हेडशेलमधून (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज ज्याला बसतं तो भाग) चार बारीक तारा येतात. लाल उजव्या बाजूची, हिरवी तिची परतीची. पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची परतीची. कार्ट्रिजच्या मागच्या पिनांवर तेच रंग असतात. तारेच्या टोकाची क्लिप चिमट्याने धरून पिनेवर सरकवा. तार ओढू नका, क्लिपच्या तोंडाशी तुटते. घट्ट जात नसेल तर क्लिप किंचित उघडा. पिनेवर थेट डाख मात्र कधीही द्यायचा नाही, उष्णतेने आतली कॉइल जाते.

दोन्ही स्क्रूंमधलं अंतर १२.७ मिलिमीटर ठरलेलंच असतं, त्यामुळे भोकं जुळतात. स्क्रू आता फक्त अडकवा, पक्के करायचे नंतर.

वजन

अँटी-स्केटिंग (आर्मला आत ओढणाऱ्या जोराला अडवणारी सोय) शून्यावर आणा. टोपण काढा आणि मागचं काउंटरवेट असं फिरवा की आर्म हवेत आडवा तरंगेल, ना वर ना खाली. त्यावरची आकड्यांची चकती शून्यावर आणून मग कंपनीने सांगितलेल्या वजनापर्यंत काउंटरवेट फिरवा: व्हीएम९५ईला २ ग्रॅम, टूएम रेडला १.८. काट्यावर खात्री करा. हलकं ठेवलं तर रेकॉर्ड वाचते असं वाटतं, पण हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते. व्हीएम९५ वर ७८ ची सुई लावलीत तर वजन ५ ग्रॅम होतं. सुई बदलली की काउंटरवेटही पुन्हा जुळवा, आणि एलपीकडे परतताना आधी वजन कमी करा.

सगळ्यात महत्त्वाचं: कोन

रेकॉर्ड बनवताना खोबणी कापणारी सुई त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. आपला आर्म मात्र एका खुंटीभोवती कमानीत फिरतो. म्हणून सुई खोबणीला दोनच जागी अचूक समांतर येते: नेहमीच्या हिशोबात मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. प्रोट्रॅक्टरवरचे दोन ठिपके तेच.

प्लेअर बंद, थाळी स्थिर. सुई पहिल्या ठिपक्यावर अलगद टेकवा आणि समोरून टॉर्च धरून बघा, कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर आहेत का. नसतील तर किंचित वळवा. मग दुसऱ्या ठिपक्यावर. तिथे वाकडं दिसलं तर कार्ट्रिज पुढे किंवा मागे सरकवा आणि पुन्हा पहिल्यावर या. असं आलटून-पालटून बराच वेळ जातो. दोन्हीकडे जुळलं की स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने आवळा; एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर कार्ट्रिज फिरतं. सरकवल्यामुळे तोल बदलतो, म्हणून वजन पुन्हा तपासा.

ही मेहनत कुठे कामाला येते? एलपीच्या बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आणि आपल्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डवर द्रुत बंदिश, ताना, तबल्याची लय बहुधा तिथेच येते.

उंची, तिरकेपणा, अँटी-स्केटिंग

रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्म रेकॉर्डला समांतर दिसायला हवा. उंची बदलायची सोय नसेल तर सोडून द्या. समोरून बघता कार्ट्रिज डावीउजवीकडे कललेलं नको. लहान आरसा ठेवून प्रतिबिंब सरळ आहे का पाहा.

फिरती रेकॉर्ड आर्मला आत ओढते. अँटी-स्केटिंग सुरुवातीला वजनाच्याच आकड्यावर ठेवा. जोरदार जागी उजवा आवाज फाटत असेल तर थोडं वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा.

ऐका

ओळखीच्या एलपीचं शेवटचं गाणं लावा आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं ऐका. थुंकल्यासारखी येत असतील तर पुन्हा प्रोट्रॅक्टरकडे. एकाच बाजूने आवाज येत असेल तर क्लिप ढिली आहे. घूंऽऽ असा सतत आवाज असेल तर फोनो स्टेजची अर्थिंगची तार बघा.

दर रेकॉर्डआधी बारीक ब्रशने सुई मागून पुढे झाडा, आडवी कधीच नाही. ऑडिओ-टेक्निका लंबवर्तुळी सुईचं आयुष्य ३०० तास सांगते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या साडेचारशे एलपी; तेवढं झालं की सुई बदला.