मजला चढवायचाय? मिस्त्रीच्या आधी फाईल

वडिलांच्या घरावर एक मजला चढवायचा म्हणून मी आधी मिस्त्री ठरवला, त्याला वीस हजार ॲडव्हान्स दिला आणि मग कळलं की प्रॉपर्टी कार्डवर अजून आजोबांचंच नाव आहे. ॲडव्हान्स गेला. तर दिवाळीनंतर काम काढायचं असेल तर बांधकाम परवानगीच्या फाईलला आत्तापासून लागा.

आधी नाव. सिटी सर्व्हेत असाल तर प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर सातबारा, तो डिजिटल सहीचा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. वारस नोंद राहिली असेल तर लगेच अर्ज करा आणि वारसांत आत्याही येतात हे विसरू नका, आमच्या दोघी, एक इचलकरंजीला एक ठाण्याला, हक्कसोडपत्रासाठी दोघींना एकाच दिवशी रजिस्टर ऑफिसला आणणं हेच अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं. त्यात धाकटीचा अंगठा मशीन घेईना, म्हणते भांडी घासून घासून रेषा गेल्यात बाबा. चौथ्यांदा घेतला एकदाचा.

मग जागेची मोजणी, कारण साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूला मोकळी सोडायची जागा, हद्दीपासून धरतात, तुमच्या कंपाउंडपासून नाही. आमचं कंपाउंड शेजारच्या काकांच्या जागेत दीड फूट निघालं, तीस वर्षं कोणाला पत्ता नव्हता! तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून हा अर्ज वारस नोंद झाली की दुसऱ्याच दिवशी टाका.

आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लायसन्सवालाच बघा, ऑनलाइन फाईल त्याच्याच लॉगिनने जाते. त्याला घराचा जुना मंजूर नकाशा शोधून द्या, आणि पाया वरचा मजला पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. आमच्याकडे त्याने कॉलमशेजारी खड्डा मारून फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, उघडं करून बघितलं, नुसतं भिंतीवर टकटक करून सही देणारा असेल तर दुसरा शोधा. नकाशात पाडायचं ते पिवळ्या रेघांनी आणि नवीन काम लाल दाखवतात, सही करण्याआधी ते स्वतः एकदा बघा, आमचं पाडायचं बाथरूम जसंच्या तसं राहिलं होतं.

घरपट्टी पाणीपट्टी भरून टाका. छाननी फी, विकास शुल्क आणि बांधकाम खर्चावर 1 टक्का कामगार उपकर हे पैसे बाजूला ठेवा, ठरावीक खर्चापर्यंतच्या स्वतःच्या घराला उपकर नाही.

आणि ते '150 चौरस मीटरपर्यंत परवानगीच लागत नाही' सगळे सांगतात ना, ते अर्धंच खरंय. 2020 च्या युनिफाइड नियमावलीत, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमांत (मुंबई सोडून) एवढ्या छोट्या प्लॉटला सवलत आहे, पण कागद, इंजिनिअरचा दाखला आणि शुल्क काम सुरू करायच्या आधी जमा करावंच लागतं, तीच पोच म्हणजे तुमची परवानगी. रंग, प्लास्टर, फरशी असलं काम असेल तर मात्र कसलीच फाईल नको.

60 दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं कायद्यात आहे खरं, पण त्या भरवशावर खोदाई करू नका, आठवड्याला एक चक्कर मारा. सीसी, म्हणजे काम सुरू करायचा दाखला, वर्षभर चालते, दरवर्षी वाढवून जास्तीत जास्त 4 वर्षं. मंजूर नकाशाची एक प्रत साइटवर लागते, ती प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, आमची सिमेंटच्या गोणीखाली सापडली आणि नेमका जिन्याचा कोपरा भिजून गेला होता.