पेरोल सॉफ्टवेअर सुरू करताना: सीटीसी, एलओपी, एरिअर्स नेमके कुठे आणि कसे भरायचे

पेरोल सॉफ्टवेअरचं गणित सहसा चुकत नाही. चूक होते ती सुरुवातीच्या सेटिंगमध्ये: पीएफ कशावर धरायचा, पगाराला किती दिवसांनी भागायचं, माणूस कोणत्या राज्यात काम करतो. म्हणून आधी शब्द समजून घ्या, मग रकाने भरा. उदाहरणासाठी पुण्यातला महिना 30,000 रुपये पगाराचा कर्मचारी धरू.

1. पे ग्रुप आणि कट-ऑफ

एकाच तारखेला, एकाच पद्धतीने पगार होणाऱ्यांचा पे ग्रुप करा. मासिक पगारवाले आणि रोजंदारीवाले एकत्र टाकू नका. कट-ऑफ म्हणजे हजेरी बंद करण्याची तारीख. ती 25 ठेवली, तर 28 तारखेला रुजू झालेल्याचे दिवस याच महिन्यात धरायचे की पुढच्या, हे आधीच ठरवून ठेवा. 25 नंतरच्या बिनपगारी रजाही पुढच्या महिन्यात जातात. मधेच नोकरी सोडणाऱ्याला जास्त पैसे जातात ते इथेच.

2. सॅलरी हेड

हेड म्हणजे पगाराचा एकेक भाग. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बेसिक 18,000, घरभाडे भत्ता 9,000 (सूत्र: बेसिकच्या 50 टक्के) आणि प्रवास भत्ता 3,000 असे तीन हेड बनवले, की प्रत्येकाला सॉफ्टवेअर चार गोष्टी विचारतं: करपात्र आहे का, पीएफसाठी धरायचा का, ईएसआयसाठी (कामगारांच्या सरकारी विम्यासाठी) धरायचा का, गैरहजेरीप्रमाणे कमी करायचा का. घाईत सगळीकडे ‘हो’ करू नका. मोबाइल बिलाची भरपाई दिवसांप्रमाणे कापली गेली, की कर्मचारी भांडायला येतो आणि त्याचं बरोबर असतं.

‘स्पेशल अलाउन्स’ नावाचा हेड करून बेसिक लहान ठेवायची युक्ती आता फारशी चालत नाही. सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांत, वेतनातून वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरची रक्कम वेतनात धरली जाते.

3. ग्रॉस, नेट, सीटीसी

तीन हेडची बेरीज 30,000, हा ग्रॉस. कपाती गेल्यावर खात्यात जमा होतो तो नेट. सीटीसी म्हणजे मालकाचा एकूण खर्च: 30,000 + मालकाचा पीएफ 1,800 + ग्रॅच्युइटीची तरतूद 866 (बेसिकच्या 4.81 टक्के), म्हणजे 32,666. ऑफर लेटरमधला आकडा सीटीसी आहे की ग्रॉस, हे पाहिल्याशिवाय तो सॉफ्टवेअरमध्ये भरू नका.

4. कायद्याच्या कपाती

पीएफ: कर्मचाऱ्याचे 12 टक्के. कंपनी 15,000 ची मर्यादा पाळत असेल तर 1,800. मालकाच्या 1,800 मधले 1,250 पेन्शनला जातात, 550 पीएफला. बिनपगारी रजा झाली तरी ही मर्यादा दिवसांप्रमाणे घटत नाही. 18,000 चं बेसिक घटून 16,800 झालं तरी कपात 1,800 च.

ईएसआय: 21,000 पर्यंतच्या पगाराला, कर्मचारी 0.75 आणि मालक 3.25 टक्के. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या काळाच्या मध्ये पगारवाढीने मर्यादा ओलांडली, तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी भरावी लागते. सॉफ्टवेअरने ती लगेच बंद केली तर सेटिंग चुकलं आहे.

व्यवसाय कर: महाराष्ट्रात पुरुषांना 7,500 पर्यंत शून्य, 10,000 पर्यंत 175, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत माफ. त्यामुळे लिंगाचा रकाना रिकामा राहिला, तर 22,000 पगाराच्या महिलेचेही 200 कापले जाऊ शकतात. गोव्यात हा कर नाही, म्हणून कामाचं ठिकाण नीट भरा. मुख्य कार्यालयाचा पत्ता सगळ्यांना लावू नका.

आपल्या उदाहरणात ईएसआय लागत नाही. 30,000 मधून 1,800 आणि 200 वजा जाता नेट 28,000. टीडीएस (पगारातून कापायचा आयकर) लागत असेल तर तो वेगळा. कर्मचाऱ्याने पर्याय कळवला नसेल, तर तो नव्या करप्रणालीनेच मोजला जातो.

5. एलओपी

बिनपगारी दिवसांना पगाराच्या स्लिपवर एलओपी म्हणतात. सगळे हेड दिवसांप्रमाणे घटतात असं धरू. दोन दिवसांची कपात 30 ने भागली तर 2,000, 26 ने भागली तर 2,308. एक पद्धत ठरवून ती लेखी ठेवा. 26 चा भागाकार निवडला, तर साप्ताहिक सुट्ट्या एलओपीत मोजू नका, नाहीतर दोनदा कापलं जातं.

6. पगारवाढ आणि एरिअर्स

जुना आकडा खोडून नवा लिहू नका. ‘रिव्हिजन’ उघडून लागू होण्याची तारीख आणि पैसे देण्याचा महिना वेगवेगळे भरा. वाढ एप्रिलपासून आणि पैसे जुलैत असतील, तर मधल्या तीन महिन्यांचा फरक एरिअर्स म्हणून निघतो. तारीख जुलै टाकली, की तो फरक गायब.

7. रन आणि लॉक

पहिले दोन महिने जुनी एक्सेल शीट शेजारी चालवा आणि प्रत्येकाचा नेट ताडून पाहा. फरक एका रुपयाचा असेल तर तो राउंडिंगचा, शंभराचा असेल तर एखाद्या हेडचा. जुळल्यावर पेरोल लॉक करा आणि मगच बँकेची फाइल काढा. लॉकनंतर सापडलेली चूक महिना उघडून दुरुस्त करू नका, फरक ऑफ-सायकल रनमधून (नेहमीच्या तारखेबाहेर वेगळा पगार काढून) द्या, म्हणजे स्लिप आणि बँक स्टेटमेंट जुळत राहतात. टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत (मार्चचा 30 एप्रिलपर्यंत) आणि पीएफ-ईएसआय 15 पर्यंत भरायचे असल्याने लॉकची तारीख त्याच्या बऱ्याच आधीची ठेवा.