छंदातली माहिती वापरताना या चुका टाळा

‘माझी माहिती चोरली’ आणि ‘माहितीवर कुठे कॉपीराइट असतो?’ छंदी मंडळींच्या भांडणात ही दोन वाक्यं हटकून समोरासमोर येतात. दुसरं वाक्य कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी बरोबर आहे. पण त्याच्या जोरावर श्रेय गाळणं मला अजिबात पटत नाही.

पहिली चूक म्हणजे कष्ट घेतले म्हणून तथ्यावर मालकी सांगणं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली फाइस्ट खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. एका टेलिफोन कंपनीने नक्कल पकडण्यासाठी आपल्या डिरेक्टरीत खोट्या नोंदी पेरल्या होत्या. त्यातल्या चार दुसऱ्या डिरेक्टरीत जशाच्या तशा सापडल्या. नक्कल सिद्ध झाली, तरी न्यायालयाने नावं, गावं आणि नंबर मोकळेच ठरवले. नुसत्या मेहनतीने कॉपीराइट मिळत नाही, त्यासाठी थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. तथ्य मोकळं असलं तरी ते सांगणारी वाक्यं, फोटो आणि आकृत्या मोकळ्या नसतात. नोंदींची निवड आणि मांडणी कल्पक असेल, तर तीही नाही. परिच्छेदातले चार शब्द बदलून भागत नाही. मजकूर बाजूला ठेवून, समजलेलं स्वतः लिहावं. अख्खा तक्ता उचलताना तर दुप्पट सावध राहा. युरोपीय संघात १९९६ च्या निर्देशानुसार, मोठी गुंतवणूक करून उभारलेल्या डेटाबेसला १५ वर्षांचं वेगळं संरक्षण असतं.

परवान्याची ओळ न वाचणं ही तर निव्वळ घाई. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, निर्मात्याने ठराविक अटींवर वापराची परवानगी आधीच देऊन ठेवण्याचे परवाने. त्यात सीसी बाय असेल तर श्रेय बंधनकारक, सोबत एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही, सीसी झिरो असेल तर कसलीच अट नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा फुकट असला, तरी योगदानकर्त्यांचा उल्लेख करावाच लागतो.

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक मात्र कायद्याबाहेरची आहे. जुन्या कॅमेऱ्यांचा कोणता सीरियल नंबर कोणत्या वर्षाचा, याची यादी एखादा संग्राहक बनवतो, असं समजा. एका नोंदीपुढे तो लिहितो, ‘मागचं झाकण बदललेलं असावं, वर्ष अंदाजे.’ कुणीतरी फक्त नंबर आणि वर्ष उचलतं, पुढचा तिथून घेतो. ‘अंदाजे’ गळून पडतं आणि तीन ठिकाणी दिसलं म्हणून ते वर्ष पक्कं मानलं जातं. खरं तर तिन्हींचं मूळ एकच. नाव, दुवा आणि पाहिल्याची तारीख दिली असती, तर कुणीही मागे जाऊन तपासू शकलं असतं. म्हणून माहिती ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव द्या, आणि त्याने मूळ शोध दुसऱ्याचा असल्याचं सांगितलं असेल तर तेही लिहा. ‘साभार: इंटरनेट’ लिहून काहीच कळत नाही.

तुमचंच श्रेय गाळलं गेलं असेल, तर आधी नेमकं काय उचललंय ते पाहा. फोटो किंवा मजकूर असेल, तर तो काढायला सांगण्याचा हक्क सहसा तुमचाच असतो. फक्त आकडे असतील, तर धमकी देऊ नका. श्रेयाची ओळ तयार करून पाठवा आणि ती जोडायची विनंती करा. तुमच्या यादीत नंतर दुरुस्ती झाली असेल, तर तीही सोबत कळवा.